अप्पांचा अमेरिकन पितर

सर्वपित्री अमावास्येला आमच्या शेजारचे अप्पा करंदीकर अमेरिकेतल्या एका सिनेमावाल्याच्या नावानं पान वाढतात. हो, खीर, वडे, सगळं! नौपाड्यात असा दुसरा इसम सापडला तर मला दाखवा.

हा सिनेमावाला मूकपटांच्या काळातला. तीसेक विनोदी चित्रपट त्यानं काढले. मग बोलपट आले आणि स्टुडिओनं त्याला हाकललं. म्हातारपणी त्याच स्टुडिओच्या फाटकावर वॉचमन होता म्हणे. मूलबाळ नाही. चित्रपट जळले, सडले. एक तेवढा उरला, तो अप्पांकडे, रिळावर. कुठल्याशा फिल्म सोसायटीनं गाशा गुंडाळताना टाकून दिलेला.

"अहो, जगात हा एवढाच उरलाय! मी आहे तोवर बंद पडू देणार नाही," अप्पा बजावायचे.

"पण गोत्र काय त्याचं?" काकू वडे तळताना विचारायच्या.

"हसवणाऱ्याला गोत्र नसतं!"

"आणि तळणारीला?"

जेवणं झाली की भिंतीवर खेळ. नवरदेव शिडी घेऊन लग्नाला निघतो, शिडी दारात अडकते, वगैरे. अप्पा बाजूला उभे राहून मधे मधे येणाऱ्या इंग्रजी संवादांच्या पाट्या मराठीत वाचणार. पूर्वी अख्खी बिल्डिंग यायची. पुढे मी आणि काकू उरलो. दोन वर्षांपूर्वी काकूही गेल्या.

यंदा रीळच गेलं. प्रोजेक्टरवर चढवलं आणि त्याचे तुकडे पडले. जाणकाराला दाखवलं, तो म्हणाला, "काका, आता काही होणार नाही." मनात म्हटलं, चला, सुटलो. तर अप्पा कपडे वाळत घालायची काठी खांद्यावर घेऊन भिंतीसमोर उभे!

"बघा हं."

एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस काठीसकट दारात अडकला, गर्रकन वळला, धपकन खाली बसला. मी हसलो. अगदी खरं हसलो. अप्पा उठून उभे राहिले आणि तिथंच थबकले.

"पुढे काय होतं हो?"

चौदा वर्षं मी तो सिनेमा पाहत होतो. पाहत कसला, वडे हाणून डुलक्या काढत होतो.

"शिडीवर चढतो बहुतेक," मी ठोकून दिलं.

"छे हो." अप्पा भिंतीकडे बघत राहिले. "हिला सगळा पाठ होता. तळता तळता सांगायची."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा त्याच जागी थांबले.