सत्कारमूर्तीचा फोन

"औंदा सत्कार असा करतो, का पार घोडेगावपत्तोर नाव निघलं पायजे!" दादाभाऊंनी आठ दिवस आधीच निमगाव सावात जाहीर करून टाकलं. दादाभाऊ म्हणजे पदवीधर मंडळाचे अध्यक्ष. बी.ए. चौथ्या दमात झाले, पण अध्यक्षपद पहिल्याच दमात!

विद्यापीठात शिकून नाव काढलेल्या एकाला मंडळ दरवर्षी गौरवतं. यंदा मान जुन्नरच्या आरफाताईंचा. जनावरांच्या डॉक्टर! डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर फुकट लसीकरण करणाऱ्या, हाक मारली की गोठ्यात हजर. गेल्या वर्षीचे सत्कारमूर्ती ऐन शालीच्या वेळी फोन कानाला लावून जे गेले, ते जेवायलाच परतले. ती नाचक्की दादाभाऊ विसरले नव्हते.

म्हणून आरफाताई स्टेजवर चढताच त्यांनी हात पुढे केला. "ताई, फोन!"

"राहू द्या ना काका. कुणाचं जनावर अडलं तर..."

"आज कुणाचं जनावर अडत न्हाई! अडायचंच न्हाई!"

फोन दादाभाऊंच्या खिशात गेला. स्वतःचा तर त्यांनी बंदच केला होता.

आधी स्टेजवरच्या नऊ पाहुण्यांना आणि खुद्द अध्यक्षांना फेटे. मग नऊ जणांचे 'दोन शब्द'. सरपंच भिमाजींचे दोन शब्द पंचवीस मिनिटं झाली तरी संपेनात! त्यात आरफाताईंचं नाव एकदाच आलं, तेही चुकीचं. मधूनच खिशात फोन थरथरायचा. दादाभाऊ वरूनच बटण दाबायचे, की गप्प! शिस्त म्हणजे शिस्त!

एवढ्यात पदर खोचून, शेणाच्या हातांनी लंकाबाई मांडवात घुसल्या. दादाभाऊंच्या मंडळी! "डॉक्टरीणबाई कुठंयत? गाय अडलीया!"

सत्काराची शाल झटकण्यात गुंग असलेले दादाभाऊ मान वर न करताच माईकवर गरजले, "कुणाच्या बी गाईपायी कार्यक्रम थांबायचा न्हाई!"

"कुणाच्या म्हंजे? आवं, आपली चंद्री हाय, चंद्री!"

हातातल्या शालीसकट दादाभाऊंनी स्टेजवरून उडी मारली! मागं आरफाताई, त्यांच्या मागं फेटेवाले नऊ पाहुणे. बघणाऱ्याला वाटावं, वरातच निघाली!

गोठ्यात आरफाताईंनी बाह्या सारल्या, हात घालून वासराचे दुमडलेले पाय सरळ केले. "बांधायला काहीतरी द्या! मऊ पाहिजे, स्वच्छ पाहिजे!"

दादाभाऊंनी डोक्यावरचा फेटा फर्रकन सोडला. "घ्या ताई, कोरा हाय!"

"आता मी सांगेन तेव्हाच ओढा!"

आख्खं स्टेज त्या फेट्याला लटकलं. "ओढा! थांबा! ओढा!" आणि सुळ्ळकन कालवड बाहेर! पुसायला फडकं सापडेना, तेव्हा दादाभाऊंनी शालच पुढं केली. कालवड शिंकली, चंद्री हंबरली, आणि अध्यक्ष चक्क रडायला लागले. "वाचली रं माजी चंद्री! ताई, लई उपकार झालं!"

"काका, आता तरी फोन द्या." आरफाताईंनी फोन बघितला. "अकरा मिस्ड कॉल. सगळे काकूंचे."

लंकाबाईंनी नवऱ्याकडं असं बघितलं, की नऊच्या नऊ पाहुण्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. भिमाजींनी घसा खाकरला, "तर मग, माजं ऱ्हायलेलं भाषण..."

"खड्ड्यात गेलं भाषण!" दादाभाऊ ओरडले. "ताई, आदी फोन उचला!"

त्या सत्काराचा एकच फोटो मंडळाच्या ग्रुपवर आला. मधोमध शाल पांघरलेली कालवड, आणि शेजारी हात जोडून बोडके अध्यक्ष!