‘नको’ म्हणाले तरी वाढ

कृष्णकांतला जगात दोनच गोष्टी अवघड वाटत नसत. एक पोहणं, आणि दुसरं म्हणजे बाकी सगळं!

त्यामुळे तो कामाला होता त्या तारापूरच्या रसायनांच्या कारखान्यात नवी कंट्रोल रूम झाली आणि तिथले प्रमुख ललित सर म्हणाले, "खुर्ची एकच आहे. ज्याला स्यूडोकोड लिहिता येईल, त्याला मिळेल," तेव्हा कुंभवलीच्या या गड्याने सगळ्यांच्या आधी हात वर केला. स्यूडोकोड म्हणजे काय, हे त्याने हात खाली घेतल्यावर विचारलं.

खुर्ची मात्र त्याला खरोखरच हवी होती. बावीस वर्षं लोखंडी जिने चढून व्हॉल्व्ह फिरवता फिरवता गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. आणखी एक पावसाळा त्या जिन्यांवर निघणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण तसं कबूल करील तर तो कृष्णकांत कसला!

शिकवणी घरातच मिळाली. मुलगी किंजल कॉलेजात संगणक शिकत होती.

"पप्पा, मशीनला डोकं नसतं. त्याला एकेक पायरी साध्या मराठीत लिहून द्यायची, तोच स्यूडोकोड. असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर, अमुक होईपर्यंत करत राहा."

"एवढंच? हे तर मी तुझ्या आयला रोज सांगतो!"

"आणि मी ऐकत नाय, ते पण लिहा!" आतून शालू म्हणाली.

परीक्षा अशी होती: घरातलं कुठलंही काम पायऱ्या पाडून लिहायचं, दुसऱ्याकडून शब्दशः करून घ्यायचं, आणि ललित सर रविवारी येऊन बघणार. कृष्णकांतने काम निवडलं, पाहुण्याला जेवू घालणं. पाहुणे खुद्द ललित सर! तपासणाराच आपलं कालवण ओरपत असेल, तर नापास कोण करणार? त्याने झोकात कागद लिहिला.

पाहुण्याच्या ताटात भाकरी नसेल, तर वाढ.
पाहुणा ‘नको’ म्हणाला तरी वाढ.
भाकरी असेल, तर संपेपर्यंत तिथेच उभी राहा.
पुन्हा पहिल्या ओळीवर जा.

किंजल कागद वाचून म्हणाली, "पप्पा, ‘नको’ म्हटल्यावर थांबायला हवं ना?"

"खुळी हाय का तू? आपल्याकडं ‘नको’ कोण मनापासून बोलतं? तुझा मामा ‘नको नको’ करत नऊ वडे खातो!"

"मग थांबायचं कधी?"

"पोट भरलं की माणूस आपोआप थांबतो. ते काय लिहायचं?"

मशीन म्हणून शालूची नेमणूक झाली. "डोकं अजिबात वापरायचं नाय," त्याने बजावलं.

"लग्न केलं तवाच वापरायचं बंद केलंय," शालू म्हणाली आणि कागद कमरेला खोचला.

रविवारी ललित सर आले. काडीसारखा तरुण माणूस. तांदळाची गरम भाकरी, कोळंबीचं कालवण, तळलेले बोंबील! पहिली भाकरी संपली, दुसरी आली. दुसरी संपली, तिसरी आली.

"नको वहिनी, खरंच नको."

शालूने कागद पाहिला आणि चौथी वाढली.

"बघा सर! एक चूक नाय!" कृष्णकांतची छाती फुगली.

आता सरांची एक अडचण होती. ताटात अन्न टाकायचं नाही, असं त्यांच्या आईने लहानपणी दोन धपाटे घालून शिकवलं होतं. म्हणून ते खात होते, आणि ताट रिकामं दिसलं की शालू वाढत होती. सहाव्या भाकरीला सरांनी ताटावर आडवा हात धरला. शालूने कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"हाताचं काय लिहिलेलं नाय," असं म्हणून तिने भाकरी सरांच्या हातावरच ठेवली!

सर इंजिनिअर होते. आठव्या भाकरीला त्यांनी आईची मनात माफी मागितली आणि मुद्दाम एक तुकडा ताटात ठेवला. भाकरी संपलीच नाही, तर वाढणार कशी? शालू वाढेना हे खरं, पण हलेनाही. परात घेऊन ती त्यांच्या डोक्याशी उभी राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. सरांना उठता येईना. शेवटी त्यांनी घामाघूम होऊन तो तुकडा गिळला. नववी आली.

सरांचे डोळे पाहून शालूला मात्र कळवळा आला. ती हळूच म्हणाली, "पीठ संपलं."

कृष्णकांत ताडकन उठला. मशीन मध्येच बंद पडलं तर खुर्ची गेलीच! तो आत धावला आणि पिठाचा डबा काखोटीला मारून बाहेर आला. "कुठं संपलं? काठोकाठ भरलाय! सर, मशीन खोटं बोलतंय!"

सरांनी डब्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. कृष्णकांत पहिल्यांदाच घाबरला.

शालूने कमरेचा कागद काढला, आत जाऊन गॅसवर जाळून टाकला आणि परत आली. "मशीन बिघडलं. आता मी मानूस हाय. उठा सर, हात धुवा."

अर्ध्या तासाने सर भिंतीला धरून उठले. अंगणात बाइकवर बसताना त्यांनी पट्टा एका भोकाने सैल केला आणि निकाल सांगितला. "कृष्णकांतभाऊ, तुमच्या हातात रिअ‍ॅक्टर दिला, तर आपण सगळे तारापूरसकट वर जाऊ. पायऱ्या बरोबर आहेत, पण थांबणंच नाही! महिनाभर खुर्ची रिकामी ठेवतो. दुसरं काम लिहून आणा. छोटं. पटकन संपणारं."

कृष्णकांतचा चेहरा उजळला. महिना? त्याला तर काम आत्ताच सुचलं होतं!

"पाहुण्याला निरोप देणं, सर! याच्याएवढं छोटं काय असणार?"

हे तो बोलला तेव्हा बाइकचं हँडल त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं, सरांनी "निघतो" म्हणून चाळीस मिनिटं झाली होती, आणि शालू सरांसाठी चिकूची तिसरी पिशवी भरायला आत गेली होती.