अर्ध्या टाकीत डोंबिवली

कोलशेतच्या चंदू कोळ्याला रस्त्याचा भारी तिटकारा! लेकीचा, हेमालीचा, साखरपुडा डोंबिवलीच्या मोठागावात, तोही खाडीकाठीच. मग रिक्षा कशाला? "भरतीवर होडी सोडली की अर्ध्या टाकीत डोंबिवली!" असं म्हणत त्याने छाती फुगवली आणि टाकी अर्धीच भरली. बायको जनीचा जीव मात्र टांगणीला. विहीणबाई मंजुळाताईंनी बजावलेलं, दुपारचा मुहूर्त चुकला तर साखरपुडा थेट पावसाळ्यानंतर!

झेंडूच्या माळा लावलेली होडी हेमालीच्या मावश्यांना घेऊन झकास निघाली. निम्मी वाट सरली आणि डोक्यावरून एक चिमुकलं विमान गेलं.

"बाबा, हे अमेरिकेला जाईल?" नटूनथटून बसलेल्या हेमालीने विचारलं.

"जाईल की! एका दमात!"

जनीचा भाऊ हितेश म्हणजे दीडशहाणा. "भावोजी, एवढ्याशा विमानाला समुद्र झेपत नाय. मधे बेटावर उतरून तेल भरावं लागतं. मोठ्या टाकीवाली असतात, तीच थेट जातात."

"तेल भराया उतरतो तो पायलट कसला? वाऱ्याचा अंदाज पायजे!"

"वाऱ्याने टाकी भरते काय?"

आता चंदूला वाद घालायला दोन्ही हात लागतात. त्याने सुकाणूच सोडलं! होडी तिथल्या तिथे गोल गोल फिरायला लागली. अर्ध्या मावश्या चंदूच्या बाजूने, अर्ध्या हितेशच्या.

"अवो, पाणी फिरलं! ओहोटी लागली!" जनी ओरडली.

"गप गं! आधी याला अमेरिकेला पोचवू दे!"

तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. टाकी ठणठणीत कोरडी! होडी आल्या वाटेने निवांत उलटी निघाली. हितेश गालात हसतोय, हेमालीच्या डोळ्यांत पाणी आणि चंदूचं तोंड सुकटीएवढं. वल्ही मारून मारून कशीबशी होडी काठाला लागली, तोच फोन वाजला.

"पोचलात का?" मंजुळाताई.

"पोचलो," जनीचा रडका सूर.

"कुठं?"

"आमच्याच धक्क्याला."

पलीकडे मंजुळाताईंनी कुणाला तरी किती वाजले ते विचारलं. जनीने देवाचं नाव घेतलं.

"मुहूर्ताला अजून वेळ हाय," मंजुळाताई शेवटी म्हणाल्या. "हलू नका तिथनं! आमीच येतो, रिक्षा करून!"

हेमाली रडता रडता हसली. जनीने पदराने घाम पुसला. चंदूने मात्र फोन हिसकावून घेतला.

"विहीणबाय, येता येता कॅनभर डिझेल आणाल काय? जाताना तुमाला होडीनं सोडतो!"