सिमेंटचे पत्रे आणि धोंडूआबा

धोंडूआबा कुणाच्याही घरी आले की आधी माणसांकडे बघत नाहीत, वर बघतात. छप्पर नीट न्याहाळून झालं की नजर खाली आणून विचारतात, "बरं हाय का समदं?" हा प्रश्न माणसांना असतो की पत्र्यांना, हे आमच्या कान्हे गावात अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही.

आबा आमचे शेजारी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि स्टेशनापर्यंत जायला स्वतःची सायकल देणारे आबाच. मी तळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो त्या वर्षी एकदा ते म्हणाले, "मास्तर, गोठ्यावरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यात काय असतं ते वाचून दाव."

मी मोबाईलवर शोधून वाचलं. त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक तंतू असतात. पत्रा धड असेपर्यंत फारशी भीती नाही. तो फोडला, कापला किंवा घासला की तंतू हवेत उडतात, छातीत जाऊन बसतात आणि पुष्कळ वर्षांनी त्रास देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तोंडाला मास्क लावून, बांबू घेऊन गावातल्या गोठ्यांच्या पाहणीला निघाले.

बांबू फक्त बोट दाखवायला. पत्र्याला टेकवायचा नाही. धड पत्र्याला ते हात लावू देत नाहीत. "निजलाय, निजू द्या." कुठे कड तुटलेली दिसली की पाठीवरच्या फवारणी पंपातून हलकं पाणी मारायचं आणि वर पोळ्याला उरलेला बैलांच्या शिंगांचा रंग लावायचा. त्यामुळे आमच्या गावातल्या निम्म्या गोठ्यांना जांभळ्या-गुलाबी कडा आहेत. भुशी धरणाकडे निघालेले, वाट चुकलेले पर्यटक थांबून फोटो काढतात.

पोरं चिडवतात, "आबा, म्हशीला बी मास्क घालू का?"

"म्हस तुझ्यावानी पत्र्यावर चढती व्हय रं?"

गेल्या मे महिन्यात आबांच्या स्वतःच्याच गोठ्यावर फणस पडला. चांगला मोठा, पिकलेला. दोन पत्रे आरपार गेले, खाली चुरा पडला आणि तांबू गाय गऱ्यांवर ताव मारताना सापडली. गाव पोट धरून हसलं. आबा हसले नाहीत. त्यांनी तांबूला त्याच दिवशी शिरगावला मेव्हण्याकडे धाडलं आणि पारूमावशींना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं, "छप्पर जाईस्तवर गोठ्याकडं फिरकायचं न्हाई."

मावशींना अलीकडे दम लागतो. शेतावर जाणं सुटलं, देवळाची चढण सुटली. उरली होती ती तांबू. आता तीही गेली. मावशींनी आबांशी बोलणं टाकलं. आबा समोर बसलेले असले तरी मला म्हणायच्या, "मास्तर, त्यांना म्हणावं, भाकरी वाढलीया."

भातलावणी सुरू झाली की माणसं मिळणार नव्हती. आमच्याकडे छपराच्या कामाला सगळे सावडीने येतात. आज तुमच्याकडे, उद्या माझ्याकडे. पण आबांच्या अटी ऐकून गडी कान खाजवायला लागले. हातोडा चालणार नाही. पत्रे भिजवायचे, बोल्ट सोडवायचे, एकेक पत्रा अख्खा खाली घ्यायचा. मास्क काढायचा नाही, म्हणजे तंबाखू बंद. आणि अंगावरचे जुने कपडे पत्र्यांबरोबरच जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून द्यायचे.

"मंग घरी जायचं काय घालून?" नामाभाऊंनी विचारलं. त्याचा विचार आबांनी केलेला नव्हता.

तंबाखूवाचून आणि बोलल्यावाचून झालेलं आमच्या गावातलं हे पहिलंच काम. दुपारपर्यंत पत्रे उतरले, खालचा चुरा ओल्या फडक्याने टिपला, आणि ग्रामपंचायतीने ठरवलेल्या धोकादायक कचऱ्याच्या गाडीत सगळं गेलं. हातपंपाखाली आंघोळ करून मिशाळ गडी मावशींची जुनी लुगडी गुंडाळून रांगेने घरी निघाले. मावशी ओट्यावर दम लागेपर्यंत हसल्या.

आठवड्याभरात नवे लोखंडी पत्रे चढले आणि तांबू परत आली. मावशी गोठ्यात जाऊन तिच्या मानेला डोकं टेकून बसल्या. मी बाहेर टेकलो होतो. पलीकडे दगडावर आबा घरातले कपडे आपटत होते. बायकोचं लुगडंसुद्धा स्वतः धुणारा म्हातारा आमच्या गावात एकच.

"मावशी, हे कपड्यांचं काय खूळ?" मी विचारलं.

"तरणं असताना कोंबड्यांच्या शेडवर पत्रं कापायला जायचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रोज पिठात लोळल्यावानी यायचे. मी सदरा दारात झटकायची, मंग धुवायची. कुणाला काय ठावं होतं? आता माझा दम त्यामुळंच, असं त्यांनी घेतलंया मनात. डाक्टर म्हनला, चुलीच्या धुरानं बी आसंल, सांगता येत न्हाई. ह्यांनी तितं मान हलवली, आन घरी येऊन कपड्यांची बादली उचलली."

पलीकडून कपड्यांचा आवाज येतच होता. मावशींनी पाठ गोठ्याच्या खांबाला घासली.

"तुला म्हनून सांगते. त्यांना धुता येत न्हाई. साबण तसाच ऱ्हातो, दिवसभर अंग खाजतं." मग गोठ्याच्या दारातून डोकावून त्यांनी मोठ्याने विचारलं, "अवो, माझं हिरवं लुगडं झालं का धुवून?"

"व्हय," आबा म्हणाले. "लख्ख."