एवारिस्तोला हाक

मंगळवारी सकाळी देल्फिनानं नवऱ्याच्या हातात कुत्र्याची दोरी दिली, त्याच्या अंगावर लोकरीचा रुआना चढवला आणि बारा वाजेपर्यंत दोघांनीही तोंड दाखवू नये असं सांगून दार लावून घेतलं. मंगळवार म्हणजे चिताकेता गावाचा आठवडी बाजार. काही महिन्यांपूर्वी याच कुत्र्यानं खाटकाच्या फळीवरून हातभर आतडं पळवलं होतं आणि चर्चच्या पायरीवर, बाप्तिस्म्याला आलेल्या पाहुण्यांसमोर, अगदी सावकाश बसून खाल्लं होतं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी कुत्र्यानं डोंगरावर असायचं, असा त्या घरातला कायदा होता. कुत्रा एकटा जाणं शक्य नव्हतं, म्हणून कायदा कुस्तोदियो पातारोयो यांनाही लागू झाला.

कुस्तोदियो चौतीस वर्षं गावच्या नोंदणी कचेरीत जन्ममृत्यू लिहीत होते. निवृत्त झाल्यावर खिडकीशी बसून गुळाचं गरम पाणी पीत उरलेले दिवस काढायचे, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण वर्षापूर्वी बोगोट्यात नोकरी करणाऱ्या मुलीनं वासराएवढं पांढरं कुत्रं आणून दाराशी सोडलं. शहरातल्या खोलीत ते मावत नव्हतं. आकाराचं काही वाटलं नसतं; पण कुत्रं नावासकट आलं होतं, आणि नाव होतं एवारिस्तो.

चिताकेतात हे नाव कोणी घेत नसे. एकोणीस वर्षांपूर्वी एवारिस्तो तिबादुईसा नावाचा खेचरवाला हरवलेलं खेचर शोधायला काळ्या तळ्याकडे गेला, धुकं उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी खेचर तेवढं परत आलं. पुढं कितीतरी वर्षांनी न्यायाधीशाच्या हुकुमावरून त्याच्या मृत्यूची नोंद कुस्तोदियोंनीच केली. मृत्यूचं ठिकाण या रकान्यात काहीतरी लिहायला हवं होतं, म्हणून त्यांनी ‘काळ्या तळ्याजवळ’ असं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. एवारिस्तोची बायको रोसाल्बिना अजून गावातच होती. लोकर कातायची, मोजे विणायची, काळे कपडे घालायची आणि फारसं बोलायची नाही. कुस्तोदियोंच्या मुलीला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ती तेव्हा पाळण्यात होती.

त्यांनी कुत्र्याचं नाव बदलून पाहिलं. लांडग्या म्हणून पाहिलं, ढगोबा म्हणून पाहिलं. कुत्रा अशा वेळी दुसऱ्याच कोणाला तरी हाक मारली असावी अशा समजुतीनं मागं वळून बघायचा. शेवटी गावात असताना नुसतं ‘शुक शुक’ करायचं आणि डोंगरावर, आजूबाजूला कोणी नसताना, खरं नाव घ्यायचं, असा मार्ग त्यांनी काढला. वर्षभर तो बिनबोभाट चालला.

त्या मंगळवारी तळ्याशी पोचेपर्यंत ऊन होतं. तळ्याच्या काठानं फ्राईलेहोनची लोकरी पानांची झाडं माणसाच्या उंचीनं उभी असतात. ऊन असेल तेव्हा ती झाडंच दिसतात. मग पलीकडच्या खिंडीतून धुकं आलं, आणि पाहता पाहता तळं गेलं, वाट गेली, हातातल्या दोरीचं पुढचं टोक गेलं. झाडांची मात्र माणसं झाली. कुणी मान खाली घालून उभा, कुणी पाठमोरा. त्यांतला एखादा मघापेक्षा जवळ आलाय की काय, हे बघायला कुस्तोदियो दर दोन मिनिटांनी मागं वळत होते. तेवढ्यात दोरीला हिसडा बसला. ओढून पाहिली तर ती हलकी लागली.

त्यांनी हाका मारल्या. आधी दरडावून, मग गोडीगुलाबीनं. धुक्यात आवाज पुढं जात नाही, आपल्याच भोवती घुटमळतो. तो स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना बरं वाटेना.

“एवारिस्तो, ये रे बाबा परत,” ते म्हणाले. “कोणी रागावणार नाही तुला. घरी सूप गार होतंय.”

यावर धुक्यातून लोखंडी काहीतरी कोसळल्याचा खणखणाट झाला, कुणीतरी घोगऱ्या आवाजात संतांची नावं भराभर घेत दूर गेलं. कुस्तोदियोंनीही क्रूस केला. अर्ध्या तासानं कुत्रा आला. त्याच्या मिशांना दुधाचा वास येत होता. हे दूध कुठलं, याचा विचार डोंगरावर उभं राहून करायची त्यांची तयारी नव्हती.

तो विचार घरी देल्फिनानं करून ठेवला होता. वरच्या वाड्यांवरून दूध आणणारा नेपो रिकाम्या हातांनी बाजारात धावत आला होता आणि दोन माणसांनी धरून बसवल्यावर त्यानं सांगितलं होतं की तळ्यावर कोणीतरी एवारिस्तोला बोलावतंय. आवाज माणसाचा होता पण श्वास माणसाचा नव्हता. ही बातमी बेकरीपर्यंत जाता जाता बोलावणारा बाजूला राहिला आणि खुद्द एवारिस्तोच बोलू लागला. औषधांच्या दुकानाशी तो रडत होता, आणि खाटकाकडे पोचला तेव्हा एकोणीस वर्षांचा उपाशी होता व सूप मागत होता.

“ते तुम्हीच होतात ना?” देल्फिनानं विचारलं.

कुस्तोदियोंनी कबूल केलं. आत्ता जाऊन सगळं सांगून टाकतो, असंही म्हणाले. देल्फिनानं त्यांना खाली बसवलं. सांगायचं म्हणजे कुत्र्याचं नाव सांगावं लागणार; आणि रोसाल्बिनाच्या बेपत्ता नवऱ्याच्या नावानं आपण वर्षभर एका आतडंचोर कुत्र्याला हाका मारतोय, हे तिच्या तोंडावर कोण सांगणार? चार दिवस गप्प राहावं, लोक विसरतील, असं तिचं मत पडलं.

लोक विसरले नाहीत, कारण त्यांना काम सापडलं होतं. बुधवारी संध्याकाळी बेकरीवालीनं डोंगरवाटेच्या तोंडाशी असलेल्या दगडी क्रुसापाशी बटाट्याच्या सुपाचा वाडगा ठेवला. गुरुवारी सकाळी वाडगा चाटूनपुसून लख्ख होता. त्या संध्याकाळी सहा वाडगे ठेवले गेले, शुक्रवारी अकरा. तोवर रोज सकाळी सगळे रिकामे सापडत होते. कोणाच्या सुपात मीठ जास्त होतं आणि तरीही त्यानं ते संपवलं, यावरून बायकांमध्ये अभिमानाची बोलणी झाली. इकडे कुस्तोदियोंचा कुत्रा घरचं अन्न सोडून पोट ताणून पडून राहायचा आणि स्वयंपाकघराची खिडकी पहाटे उघडी सापडायची. देल्फिनानं एकदा कुत्र्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि खिडकीला दोरी बांधली. शनिवारी सकाळी अकराही वाडगे भरलेलेच होते. याचा अर्थ तो आता रुसलाय, असा गावानं लावला, आणि भीती दुपटीनं वाढली.

शनिवारीच फादर लिसान्द्रो घरी आले. ते गावात नवे होते, तरुण होते, भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण अकरा वाडगे त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यांनी जुनी नोंदवही चाळली होती. मृत्यूचं ठिकाण ‘काळ्या तळ्याजवळ’ असं लिहिलंय ते कशावरून, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. लोक म्हणत होते की नोंदणी करणाऱ्यानं त्याला तळ्याला बांधून टाकलं, म्हणून तो खाली येऊ शकत नाही.

“रकाना होता,” कुस्तोदियो म्हणाले.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्या गावानं तळ्यावर जायचं, फादरनी त्या जिवाला नावानं बोलावून निरोप द्यायचा, आणि ज्यांनी नोंद केली त्यांनी शेजारी उभं राहून ती मोठ्यानं वाचायची, असं ठरलं. रोसाल्बिनाला विचारायला गेले तेव्हा ती सूत कातत होती. ती नुसतं “बरं” म्हणाली.

रविवारी कुत्र्याला लाकडाच्या खोपटात कोंडून, कडीला वर खुंटी मारून नवराबायको निघाले. दीडशे माणसं डोंगर चढली. नेपोला खेचरावर बसवलं होतं. तळ्याशी पोचले तेव्हा धुकं आधीच येऊन बसलं होतं. दीडशे माणसं आणि त्यांच्यामध्ये उभी झाडं यांत फरक कळेना. बेकरीवालीनं बराच वेळ एका झाडाचा हात धरून ठेवला होता. कुस्तोदियोंनी नोंद वाचली. आपल्याच अक्षरातली ती ओळ त्या ठिकाणी उभं राहून वाचताना ते ‘काळ्या तळ्याजवळ’ या शब्दांवर अडखळले. मग फादर एक पाऊल पुढं सरकले.

“एवारिस्तो,” त्यांनी हाक मारली. पाणी काठाला हलकेच लागत होतं, तेवढाच आवाज. “एवारिस्तो,” त्यांनी पुन्हा म्हटलं. लांब कुठंतरी दगड घरंगळला. कोणी हललं नाही. तिसऱ्यांदा फादरनी छाती भरून, देवाच्या नावानं हाक दिली, आणि धुक्याच्या पोटातून काहीतरी मोठं, पांढरं, धापा टाकणारं आलं व त्यांच्या छातीवर आदळलं.

पुढं काय झालं हे कोणालाच नीट सांगता आलं नाही, कारण पाहायला कोणी थांबलं नाही. दीडशे माणसं डोंगर उतरली. मंगळवारपासून अंथरुणावर असलेला नेपो खेचर मागं टाकून सर्वांच्या पुढं होता. फादर झग्याचा सोगा वर धरून पळाले. देल्फिना धावली नाही, पण तिला लोंढ्यानं उचलून नेलं.

कुस्तोदियो राहिले, कारण त्यांना कुत्रा धरायचा होता. खोपटातून तो कसा सुटला, हे पुढं घरी गेल्यावर खोपटाची एक भिंतच नसल्याचं पाहून त्यांना कळलं. आत्ता तो फादरनी टाकून दिलेल्या पिशवीतले अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, खात कुठंतरी धुक्यात होता. मचमच आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. चाचपडत चार पावलं गेले तर कातळावर कोणीतरी काळं बसलेलं. त्यांच्या घशातून बारीक आवाज निघाला.

“मी आहे,” रोसाल्बिना म्हणाली. “बसा, मालक. धुकं हटेपर्यंत वाट दिसायची नाही.”

ते बसले. आता टाळण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी, कुत्रा, नाव, दूध, वाडगे. सांगताना ते पाण्याच्या दिशेनं बघत होते, पाणी दिसत नसलं तरी.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “कित्येक महिने मंगळवारी मी बाजारात बसत नाही, ते कोणाच्या लक्षात आलं का? मी इथं येऊन बसते. एकोणीस वर्षांत त्याचं नाव मोठ्यानं घेणारं तुमच्याशिवाय कोणी भेटलं नाही मला. माझ्यासमोर तर लोक मिठालासुद्धा हळू आवाजात मीठ म्हणतात.”

कुस्तोदियोंनी माफी मागितली. ती नको म्हणाली.

“तुम्ही बोलता छान. कोणी रागावणार नाही, सूप गार होतंय. मी असं कधी बोलले नव्हते त्याच्याशी. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. खेचर मिळालं नाही तर येऊच नकोस, असं म्हटलं होतं मी.”

मग तिनं विचारलं, एकदा मी हाक मारली तर चालेल का. कुत्रा गोंधळायचा नाही ना. कुस्तोदियो म्हणाले, खुशाल मारा, नाहीतरी त्याला बोलवायचंच आहे.

ती उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत न वापरलेला आवाज तिनं आधी खाकरून मोकळा केला. “एवारिस्तो,” तिनं हाक दिली. तिच्या आवाजात गोडवा नव्हता. घरातली बाई अंगणातल्या माणसाला बोलावते तशी साधी हाक होती.

काही क्षणांनी तळ्याच्या पलीकडच्या अंगानं चिखलात पावलं वाजू लागली. दमानं टाकलेली, जड. काठाकाठानं ती जवळ येत होती.

“आला,” कुस्तोदियो सुटकेनं म्हणाले आणि दोरी तयार ठेवली. त्याच वेळी मागच्या बाजूनं काहीतरी ऊबदार, ओलसर त्यांच्या कोपराखाली घुसलं. त्यांनी खाली पाहिलं. कुत्रा होता. त्याच्या नाकाला अरेप्याचा चुरा लागला होता, आणि त्याचं सगळं अंग थरथरत होतं. तो पावलांच्या दिशेनं बघत होता, पण भुंकत नव्हता.

पावलं येतच राहिली. चिखलातून बूट उपसावा तसा प्रत्येक पावलाला आवाज होता. कुस्तोदियोंनी रोसाल्बिनाकडे पाहिलं. तिनं कुत्र्याला पाहिलं होतं. समजायचं ते तिला समजलं होतं. तिनं शालीचा पदर छातीशी घट्ट धरला.

“एवारिस्तो,” ती धुक्याला म्हणाली, “खेचर आलं होतं दुसऱ्याच दिवशी. तू उगाच शोधत बसू नकोस. राग नाहीये माझा. पण मला आता एकटीची सवय झालीय. तू परत जा.”

पावलं थांबली. फार लांब नव्हती. मध्ये एखादं अंगण असावं, एवढंच अंतर. कुस्तोदियोंना तिथं एक झाड दिसल्यासारखं वाटलं, जे मघाशी तिथं नव्हतं. मग चिखलात बूट वळल्याचा आवाज आला, आणि पावलं आली तशी, त्याच दमानं, काठाकाठानं लांब गेली. पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

रोसाल्बिना कातळावर हळूच टेकली आणि कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“ऐकलं त्यानं,” ती नवलानं म्हणाली. “लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकलं.”