मुहूर्ताची खोली

अवधूतने केळापूर रोडवरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात मजुरांसाठी नमुन्याची खोली उभी केली, आणि तिच्यात कोणी राहायला जाण्याआधी तिचे फोटो काढायचे ठरवले. चूक म्हणावी तर एवढीच. पण काही माणसं चूकही अशी नेमकी करतात की बघत राहावं.

खोली मात्र खरोखर देखणी होती. लोखंडी चौकट, तिला नट-बोल्टने आवळलेल्या सिमेंटच्या पातळ भिंती, समोरासमोर दोन खिडक्या, स्वयंपाकाचा ओटा, मोरीला दार आणि आतून लागणारी कडी. कडीसाठी तो जिनिंगच्या मालकाशी, म्हणजे सदाशिवरावांशी, चांगलीच हुज्जत घालून आला होता. "मजुराले आतून कडी कायले पाह्यजे?" असं त्यांनी विचारलं. "तुमच्या घराला कशाला आहे?" असं अवधूतने विचारलं, तेव्हा त्यांनी कडी लावू दिली. अशा चाळीस खोल्या, मधे सामाईक अंगण, पोरांना खेळायला जागा, बायांना बोलत स्वयंपाक करता येईल अशी मोठी शेड, असा त्याचा आराखडा होता. मजुरालाही मानाने राहता आलं पाहिजे, असं तो यवतमाळला घरी जेवताना सांगायचा. त्याचे वडील कमलाकरराव जन्मभर कचेरीत फायली हलवून निवृत्त झालेले. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी मंजुरी आण. मग मान."

मंजुरी एका समितीच्या हातात होती. ती वर्षंच तशी होती. जिल्ह्यात कापूस पिकत नव्हता आणि समित्या मात्र उदंड पिकत होत्या. गाड्या यायच्या, धुरळा उडायचा, चहा व्हायचा, गाड्या जायच्या. या समितीची अट एकच होती: आम्ही पाहायला येऊ तेव्हा नमुन्याच्या खोलीत मजुराचं कुटुंब राहत असलं पाहिजे. तसं दिसलं तर चाळीस खोल्या, नाहीतर राम राम.

कुटुंब ठरलेलं होतं. बसंतीबाई, तिचा मुलगा संजय आणि सून पुष्पा. बोरी अरबकडच्या तांड्यावरचे हे लोक. आपल्या शेतात बोंडं धरली नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या कापसाचे ढीग उपसायला इथे आलेले. आवाराच्या भिंतीला एक ताडपत्री बांधून त्यांनी पाल केलं होतं. पुष्पाचे दिवस भरत आले होते.

"बसंतीबाई, परवा राहायला या," अवधूत म्हणाला. "उद्या फोटो काढून घेतो. खोली कोरी आहे तोवर."

"आमच्यासंगं फोटो नाई निघत का जी?"

"निघतात हो. पण चूल पेटली की भिंती काळ्या दिसतील ना."

बसंतीबाई खोलीकडे बघत राहिली. "माह्यं बाळंतपन बाभुळगावच्या रस्त्यावर झालं, गिट्टीच्या ढिगाआड," ती म्हणाली. "दोन बाया लुगडं धरून उभ्या होत्या. या पोरीचं तसं नाई होऊ द्यायचं मले. दार पाह्यजे, बापू. एक दिवस म्हनता तं आमी थांबतो."

अवधूत कॅमेरा आणायला यवतमाळला गेला. दुसऱ्या दिवशी परत येऊन बघतो तर खोलीच्या दाराला झेंडूचं तोरण. आत पांढऱ्याशुभ्र कापसाची रास, रासेवर कलश, कलशावर नारळ आणि शेजारी तेवती समई. दाराशी जिनिंगचा चौकीदार डोमाजी पेढ्यांचं ताट घेऊन बसला होता.

"डोमाजी, हे काय आहे?"

"मुहूर्त जी. घ्या, पेढा घ्या."

दर हंगामात कापसाची पहिली गाडी आली की सदाशिवराव तिची पूजा करायचे, आणि त्यातल्या कापसावर कलश मांडून तो हंगाम संपेपर्यंत ठेवायचे. आजवर हा कलश यंत्रांच्या शेडमधे एका कोपऱ्यात बसायचा. पण गेले हंगाम एकामागून एक भुईसपाट झाल्यावर त्यांनी नागपूरच्या जोशीबुवांना विचारलं. बुवा म्हणाले, लक्ष्मीला जुन्या जागेचा कंटाळा आला आहे. कोणी न वापरलेली, पूर्वेला दार असलेली वास्तू बघा.

"पूर्वेला दार मी मजुरांना थंडीत ऊन मिळावं म्हणून ठेवलं होतं," अवधूत म्हणाला.

"लक्ष्मीले बी थंडी वाजतच असन ना जी."

अवधूत तरातरा सदाशिवरावांकडे गेला. माणूस वाईट नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. सदाशिवरावांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हात जोडून म्हणाले, "अवधूतराव, मांडलेला कलश हालवता येत नाही. हालवला का भाव पडते."

"भाव पडलेलाच आहे, सदाशिवराव."

"मंग आनखी किती पाडता? अन् राग नका मानू, पन खोली तुम्हीच कोरी ठेवली होती. अख्ख्या केळापुरात हिंडलो, एवढी कोरी वास्तू दुसरी नव्हती."

अवधूत उठून पालाकडे गेला. कलश एका कोपऱ्यात असू दे, तुम्ही तशाच राहायला या, असं त्याने बसंतीबाईला सुचवून पाहिलं. ती कानाला हात लावून म्हणाली, "देवापुढं कोंबडं शिजवू? अन् पाय कोनीकडं करून झोपू?" तेही खरंच होतं. त्या खोलीत पाय लांब केले की ते कुठे ना कुठे लक्ष्मीकडेच जात. आराखडा काढताना अवधूतने उजेडाचा विचार केला होता, वाऱ्याचा केला होता, देवाकडे पाय होतील हा मुद्दा त्याला कॉलेजात कोणी शिकवला नव्हता.

मग सदाशिवराव सौद्यासाठी नागपूरला गेले आणि अवधूतच्या डोक्यात एक कल्पना आली. कल्पना अक्कलहुशारीची होती, म्हणूनच नडली. खोली नट-बोल्टची आहे ना? कलश हालवायचा नाही ना? मग कलश जागेवर राहील, खोली हलेल. त्याने संजयला आणि आणखी चार गड्यांना नट सोडवायचे पाने दिले. दुपारपर्यंत भिंती सुटल्या, आवाराच्या दुसऱ्या टोकाला लिंबाखाली पुन्हा उभ्या राहिल्या, कडीसकट. अवधूतला इतका आनंद झाला की त्याने डोमाजीला मिठी मारली.

इकडे जुन्या जागी मोकळ्या मैदानात लक्ष्मी एकटीच बसलेली. समई वाऱ्याने विझली. एक बकरी आली आणि मुहूर्ताचा कापूस हुंगू लागली. मजुरांची काम करताना चुळबूळ सुरू झाली. बसंतीबाईने एकदा नव्या खोलीकडे पाहिलं, एकदा कलशाकडे पाहिलं, आणि जाऊन आपल्या पालाची ताडपत्री सोडून आणली.

"हे कशाला, मावशी?" अवधूतने विचारलं.

"आमी घरात अन् लक्ष्मी उघड्यावर, हे बरं दिसत नाई जी. आता आमाले पालाचं काय काम?"

चार बांबूंवर ताडपत्री ताणून तिने देवाला सावली केली आणि मगच आपली बोचकी खोलीत नेली. त्या दिवशी पुष्पा पहिल्यांदा दार लावून आंघोळ करून आली. तिचा चेहरा बघून अवधूतला वाटलं, आता समिती आली नाही तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सदाशिवराव आले. ते ओरडले नाहीत. ताडपत्रीखाली लोटांगण घातलं, उठले आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "देव पालात अन् मजूर घरात. अवधूतराव, मले गावात तोंड दाखवायले जागा ठेवली नाही तुम्ही." संध्याकाळपर्यंत त्यांच्या गड्यांनी भिंती परत आणून कलशाभोवती आवळल्या. काम झटपट झालं. खोली सुटसुटीत बनवली होती ती अवधूतनेच.

बसंतीबाई पुढे झाली. "आमची ताडपत्री तेवढी द्या जी."

ताडपत्री आत कलशावर चांदवा म्हणून बांधून झाली होती. सदाशिवरावांना मनापासून वाईट वाटलं. "बाई, देवाच्या डोक्यावर चढलेलं छत्र आता उतरवता येते का? तूच सांग."

बसंतीबाईने मान हलवली. नाही येत, हे तिलाही पटत होतं. आता त्या तिघांना घरही नव्हतं आणि पालही नव्हतं. अवधूतने समितीला दाखवायला एक मोठं रंगीत फ्लेक्स छापून आणलं होतं. त्यावर चाळीस खोल्या, अंगण, हसरी माणसं. तेच त्याने भिंतीला बांधून दिलं. पुष्पा त्याच्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली. अवधूत बांधाबांध करून एका ढिगाआड गेला आणि चक्क रडला. इतका हताश तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

आणि अशात समिती आली. मुख्य साहेबांनी दारात चपला काढल्या, नमस्कार केला, पेढा खाल्ला. सदाशिवराव आरतीचं ताट घेऊन उभेच होते.

"मंदिर प्रसन्न आहे," साहेब म्हणाले. "आता मजूर राहतात ती खोली दाखवा."

अवधूत बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात फ्लेक्सखालून पुष्पा "याडी गं" म्हणून कळवळली. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. बसंतीबाईने तिला काखेत धरून उठवलं. इकडे तिकडे पाहिलं. आवारात दार असलेली जागा एकच होती. समिती दोन्ही बाजूंना सरकली आणि दोघी मधून चालत गेल्या.

उंबऱ्यावर बसंतीबाई थबकली. कलशाकडे बघून हळूच म्हणाली, "माय, तू बी बाईच हायेस. समजून घे." मग आत जाऊन तिने कडी लावली. पाठोपाठ आणखी एक जाणती बाई पाण्याची बादली घेऊन गेली. सदाशिवरावांच्या हातात कापूर तसाच जळत राहिला.

समितीचा चहा संपायच्या आत आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. डोमाजी दाराशी जाऊन विचारून आला. "पोरगी झाली जी," तो म्हणाला, आणि मग मालकांकडे बघून जरा खालच्या आवाजात, "विटाळ झाला. आता बारसं होईस्तोवर आपल्याले आत पाय नाई टाकता येत."

सदाशिवरावांनी ताट खाली ठेवलं आणि चार पावलं मागे गेले. दिवा नाही, पूजा नाही, बाळंतिणीला उठवायचं तर नावच नको. जे काम आराखड्याने झालं नाही, हातापाया पडून झालं नाही, ते विटाळाने एका मिनिटात केलं. ज्यांना त्या घरात मानाने कोणी घेत नव्हतं, त्यांना आता शिवायचं नाही म्हणून कोणी बाहेर काढू शकत नव्हतं. अवधूतला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

समितीचा अहवाल यथावकाश आला. सदर वास्तू कामगार-निवास आहे, मंदिर आहे की प्रसूतिगृह, हे संबंधित तिन्ही खात्यांनी ठरवेपर्यंत चाळीस खोल्यांचा प्रस्ताव स्थगित. कमलाकररावांनी तो वाचून घडी घातली आणि सवयीने फायलीत लावून टाकला.

हे सांगायला अवधूत जिनिंगवर गेला. बाळाचा बारावा दिवस केव्हाच उलटला होता, तरी दाराशी लंगोट वाळत होते. बसंतीबाई उन्हात बाळाला तेल लावत बसली होती.

"बारसं झालं का मावशी?"

"नाई जी. नाव सुचून नाई राह्यलं."

डोमाजी बाजूला कंटाळून उभा होता. "मालक रोज सकायी एक नाव पाठवून राह्यले," तो म्हणाला. "आज गौरी पाठवलं. काल शुभदा. या लोकायले एक बी पसंत नाई."

"गौरी तं माह्या नंदेचं नाव हाय," बसंतीबाई बाळाचा पाय चोळत म्हणाली. "लेकरू जनमभर नाव लावनार. घाईनं कसं ठेवता येते?" मग डोमाजी लांब गेल्यावर तिने अवधूतकडे पाहिलं. "नाव ठेवलं का घर जाते, बापू. तवर राहू दे बिननावाची."

तिने बाळ त्याच्या हातात दिलं. उन्हात ते डोळे मिचकावत होतं. केतकी म्हणावं इतकी गोरी आणि नाजूक पोर होती ती. नाव अगदी त्याच्या ओठांवर आलं. त्याने ओठ मिटून घेतले आणि म्हणाला, "मलाही काही सुचत नाहीये, मावशी."