वर्कीमाशांच्या सतरा जांभया

नको असलेल्या फोटोंवरच्या 'टाकाऊ' चिठ्ठ्या उडाल्या हे त्रिशूरच्या पौलोस स्टुडिओत शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला कळलं, आणि तेही गिऱ्हाईकाच्या फोनवरून.

"पौलोस, लेकीच्या लग्नाचे फोटो पोचले," शाळामास्तर वर्कीमाश म्हणाले. "त्यात मी सतरा वेळा जांभई देतोय."

"माशे, माफ करा! आत्ता परत घेतो!" पौलोसनं घाबरून फोनच ठेवला. "सेतुचेट्टा, टाकाऊ फोटो गेले कसे?"

सेतुमाधवननं, म्हणजे सगळ्यांच्या सेतुचेट्टननं, सेतुदादानं, तीस वर्षं फोटोंच्या पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. फोटो क्लाउडवर गेले तसा तो पन्नाशीत कोड शिकला. तिथल्या टॅगनाही तो चिठ्ठ्याच म्हणे. माशांच्या अकराशे फोटोंतल्या मिटल्या डोळ्यांच्या नि उघड्या तोंडांच्या तीनशेंना त्यानं आठवडाभर खपून 'टाकाऊ' चिठ्ठी लावली होती. आज सकाळी दहा ओळींचा कोड चालवून सगळ्यांना 'तपासले' लावली. 'तपासले' असलेला फोटो आपोआप गिऱ्हाईकाकडे जाई, 'टाकाऊ' असेल तर मात्र अडे.

स्टुडिओतल्या, कॉम्प्युटर शिकलेल्या जिशानं पडदा पाहिला. "चेट्टा, आधीच्या चिठ्ठ्या वाचून घेतल्या नाहीत?"

"कशाला? मीच लावल्यात की!"

"क्लाउड नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी लावत नाही हो. जुन्या सगळ्या फाडतो आणि तुम्ही दिलेली तेवढी ठेवतो. आधी जुन्या वाचायच्या, त्यांत नवी घालायची, मग सगळ्या एकदम द्यायच्या."

"डिंक बरा होता," सेतुचेट्टन पुटपुटला. "थांब, निस्तरतो." फोटो जायचे थांबावेत म्हणून त्यानं अकराशेच्या अकराशेंना 'टाकाऊ' लावून टाकली.

जिशानं कपाळ धरलं. "चेट्टा! टाकाऊ फोटो दर शुक्रवारी सहाला आपोआप पुसले जातात!"

"नवरीसकट?" पौलोसनं विचारलं.

"पाद्र्यासकट."

सहाला दहा मिनिटं असताना वर्कीमाश छत्री घेऊन दारात हजर झाले. पौलोस टेबलामागं सरकला. "माशे, एकही जांभई उरणार नाही, शब्द देतो!"

"अरे गाढवा, माझं ऐकून तरी घे! लग्नानंतर आठवड्यात माझी बायको रोसिली देवाघरी गेली. तुझ्या चांगल्या फोटोंत ती चर्चमधल्या पुतळ्यासारखी उभी आहे. जांभईच्या प्रत्येक फोटोत ती मला कोपर मारतेय. मला ते सतरा मोठे करून हवेत."

मग जिशा कीबोर्डवर तुटून पडली. सहाला दोन मिनिटं असताना तिनं सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. सहा वाजले, फोटो जागच्या जागी होते.

माशांनी बोट दाखवत सतरा फोटो निवडले. सेतुचेट्टननं प्रत्येकाला 'ठेवा' लावली. कोड न चालवता, हातानं.

उरलेल्या एक हजार त्र्याऐंशी फोटोंना चिठ्ठ्या लावायच्या अजून बाकी आहेत.